जुन्या विमानातील तारा आणि दोष शोधण्याची शिस्त

स्मरणिकेत आठवणी असतात, कृतज्ञतेचे शब्द असतात, वाटचालीचा आढावा असतो. त्याबरोबर एखादा अभ्यासाचा पाठही असावा, कारण विद्यालयाची खरी ओळख पाठाने होते, या विचाराने आम्ही हा लेख वाचकांपुढे ठेवीत आहोत. विषय प्रथमदर्शनी दूरचा वाटेल. परंतु १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळील बेलोरा विमानतळावरून मुंबईकडे प्रवासी विमानसेवा सुरू झाली आणि विमान अचलपूर-परतवाड्याच्या मुलांच्या बोलण्यात आले. मुले पंखांविषयी विचारतात, इंजिनाविषयी विचारतात, वैमानिकाच्या पगाराविषयीही विचारतात. विमानाच्या अंगात दडलेल्या तारांविषयी मात्र सहसा कोणी विचारीत नाही. विमान जुने होऊ लागले की हाच भाग सर्वांत अवघड प्रश्न निर्माण करतो. तो प्रश्न समजून घेतला, तर आपल्या वसतिगृहाच्या आणि घराच्या भिंतीतील तारांकडे पाहण्याची आपली दृष्टीही बदलेल, असे आम्हांस वाटते.

तारांचे जाळे

बोइंग ७४७ सारख्या मोठ्या विमानात सुमारे २४० किलोमीटर लांबीच्या तारा असतात. अचलपुराहून अमरावतीमार्गे नागपूर गाठावे आणि तरीही तार शिल्लक राहावी, एवढी ही लांबी आहे. एअरबस ए-३८० या विमानात ती सुमारे ५३० किलोमीटर भरते. या तारा दिवे आणि पंखे चालवतात, त्याचप्रमाणे इंधनाची पातळी दाखवतात, इंजिनाचे तापमान कळवतात, चाके उतरली की नाही हे सांगतात. आधुनिक विमानांत तर वैमानिकाच्या हाताची हालचाल पंखावरील पट्ट्यांपर्यंत लोखंडी दोरांऐवजी विद्युत संकेतांनीच पोहोचते. अशा विमानात तार निकामी होणे म्हणजे शरीरातील मज्जातंतू निकामी होण्यासारखे आहे.

विमानात वजनाला फार किंमत असते. म्हणून तार बारीक ठेवतात आणि तिच्यावरचे विद्युतरोधक आवरणही पातळ ठेवतात. अनेक तारांमध्ये तांब्याचे १९ बारीक धागे एकत्र पिळलेले असतात आणि त्यांवरील आवरणाची जाडी पाव मिलिमीटरहूनही कमी असते. अशा अनेक तारांचे जुडगे बांधून ते विमानाच्या सांगाड्यातून, जमिनीखालून, छतामागून नेलेले असतात. त्यांतून बहुधा ११५ व्होल्ट प्रत्यावर्ती किंवा २८ व्होल्ट एकदिश वीज वाहते. घरातील २३० व्होल्टच्या तुलनेत हे आकडे लहान दिसतात, पण ठिणगी पाडून आग लावण्यास ते पुरेसे असतात.

तार म्हातारी कशी होते

तारेचे वय केवळ वर्षांनी मोजता येत नाही. तिच्यावर काय काय आघात झाले, यावरून ते ठरते. विमान जमिनीवर उन्हात तापते आणि थोड्याच वेळात उणे ५० अंशांच्या थंड हवेत पोहोचते. या ताणाने आवरण कडक होते. इंजिन चालू असताना सारा सांगाडा थरथरत असतो, त्यामुळे तार धातूच्या कडेवर किंवा शेजारच्या तारेवर वर्षानुवर्षे घासत राहते. स्वच्छतागृहाखालील ओल, हायड्रॉलिक तेल, बर्फ वितळवणारे द्रव आवरणात शिरतात. दुरुस्तीच्या वेळी छिद्र पाडल्यावर उडालेला धातूचा बारीक कीस जुडग्यात अडकून राहतो आणि पुढे चाकूचे काम करतो. कारागीर तारेवर पाय देतो, जुडगा हाताने बाजूला ओढतो, त्याचाही ताण साठत जातो.

आवरणाचा प्रकारही महत्त्वाचा असतो. १९७० नंतर अनेक विमानांत कॅप्टन या नावाचे पॉलिइमाइड आवरण वापरले गेले. ते हलके, पातळ आणि उष्णता सोसणारे असल्यामुळे विमान बनवणाऱ्यांना ते आदर्श वाटले. अनुभवाने त्याचे दोन अवगुण कळून आले. दमट हवेत ते हळूहळू ठिसूळ होऊन त्यास आडव्या भेगा पडतात. दुसरा अवगुण अधिक गंभीर आहे. भेगेतून ठिणगी पडली की हे आवरण जळून त्याचा कोळसा होतो, आणि तो कोळसा स्वतः वीज वाहू लागतो. ज्याने विजेला अडवावे, तेच तिची वाट होते. मग ठिणगी तारेच्या अंगावरून पुढे सरकते आणि शेजारच्या तारांनाही आपल्यात ओढून घेते. अमेरिकी नौदलाने १९८० च्या दशकातच नव्या विमानांत या आवरणाचा वापर थांबवण्याचे ठरवले. पुढे कॅप्टनच्या दोन्ही बाजूंस टेफ्लॉनचा थर असलेली संमिश्र आवरणे प्रवासी विमानांत रूढ झाली. तरी जुनी विमाने जुन्या तारांसह बराच काळ उडत राहिली.

दोन अपघात, अनेक कारणे

१७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कहून पॅरिसकडे निघालेले टीडब्ल्यूए ८०० हे बोइंग ७४७ विमान उड्डाणानंतर थोड्याच मिनिटांत फुटून समुद्रात पडले आणि २३० जण मृत्युमुखी पडले. विमान २५ वर्षांचे होते. चार वर्षांच्या तपासानंतर २००० साली निष्कर्ष निघाला, तो असा की मधल्या इंधनटाकीतील वाफेचा स्फोट झाला. ठिणगी नेमकी कोठून आली हे निश्चयाने सांगता आले नाही. तथापि टाकीबाहेर झालेल्या शॉर्ट सर्किटमुळे, इंधनाची पातळी दाखवणाऱ्या तारांतून जादा दाबाची वीज टाकीत शिरली असावी, ही शक्यता सर्वाधिक मानली गेली.

दुसरी घटना २ सप्टेंबर १९९८ ची. न्यूयॉर्कहून जिनिव्हाकडे निघालेले स्विसएअर १११ हे एमडी-११ विमान कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले. २२९ जणांपैकी कोणीही वाचले नाही. वैमानिकांना प्रथम चमत्कारिक वास आला तेव्हापासून सुमारे २१ मिनिटांत सारे संपले. समुद्रतळातून काढलेल्या असंख्य तुकड्यांचा अभ्यास करून कॅनडाच्या तपास मंडळाने साडेचार वर्षांनी, मार्च २००३ मध्ये अहवाल दिला. आगीचा आरंभ बहुधा वैमानिक कक्षाच्या मागील बाजूस, छताच्या वर, तारेतील ठिणगीने झाला होता. प्रवाशांच्या करमणुकीसाठी नंतर बसवलेल्या यंत्रणेची तार त्या जागी होती, आणि तिच्यावर ठिणगीच्या खुणा आढळल्या.

हे विमान केवळ सात वर्षांचे होते, ही गोष्ट वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. म्हणजे तारेचा दोष म्हातारपणाची वाट पाहतोच असे नाही. मागाहून केलेली जोडणी, घाईने ओढलेला जुडगा, एखादी तीक्ष्ण कड एवढे निमित्त पुरते.

बौद्ध विचारात वाढलेल्या वाचकांस या अहवालातील एक गोष्ट ओळखीची वाटेल. मंडळाने एका तारेवर दोष ठेवून विषय संपवला नाही. ठिणगी पडली, पण ती ज्या ऊबरोधक अस्तरावर पडली त्याचे आवरण सहज पेट घेणारे होते, आणि त्या काळच्या चाचणीत ते उत्तीर्णही झाले होते. सर्किट ब्रेकर बसवलेला होता, पण तो तार तापल्यावर तुटणारा होता. ठिणगी क्षणभर चमकून विझते, पुन्हा चमकते, त्यामुळे ब्रेकरला पुरेशी उष्णता मिळत नाही आणि तो स्वस्थ बसतो. छतामागील त्या पोकळीत धूर ओळखणारे किंवा आग विझवणारे साधन नव्हते. यांपैकी एक जरी कारण नसते, तरी कदाचित विमान उतरले असते. हे असल्यामुळे ते घडते आणि हे नसेल तर तेही घडत नाही, हा प्रतीत्यसमुत्पादाचा विचार आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. अपघाताचा प्रामाणिक तपास त्याच पद्धतीने चालतो. दैवाला किंवा एकट्या माणसाला दोषी ठरवून तो थांबला, तर पुढचा अपघात टळत नाही.

या दोन घटनांनंतर तारांकडे पाहण्याची रीत बदलली. पूर्वी तार म्हणजे बसवून विसरून जाण्याची वस्तू मानली जाई. २००७ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने नियम केला, त्यानुसार तारा, कनेक्टर, क्लिपा आणि आवरणे मिळून एक स्वतंत्र यंत्रणा मानण्यात आली. इंजिनाप्रमाणे तिचीही ठरावीक मुदतीने तपासणी आणि स्वच्छता करणे बंधनकारक झाले.

दोष शोधण्याच्या पद्धती

पहिले साधन डोळा. हातात विजेरी आणि दांडीचा आरसा घेऊन अभियंता जुडग्याची लांबी पाहत जातो. रंग बदलला आहे काय, क्लिप सैल आहे काय, तार कोठे कडेला टेकली आहे काय, धूळ आणि कापसासारखा कचरा साठला आहे काय, हे तो पाहतो. काम सुरू असतानाच साफसफाई करीत जावे, असा दंडक आहे. मात्र जुडगा फार हलवायचा नाही, कारण ठिसूळ तार पाहण्याच्या प्रयत्नातच मोडू शकते. जुडग्याच्या पोटातील तार डोळ्यांना दिसत नाही, ही या पद्धतीची मर्यादा आहे.

दुसरे साधन सलगता तपासणारा मल्टिमीटर. तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड आहे की नाही, हे तो सांगतो. परंतु १९ धाग्यांपैकी १८ तुटून एकच शाबूत असला, तरीही मल्टिमीटर सलग असल्याचाच संकेत देतो. विजेचा खरा भार आल्यावर तो एक धागा तापतो.

तिसरे साधन मेगर. तो आवरणावर बहुधा ५०० व्होल्टचा दाब देऊन किती वीज गळते ते मोजतो. ओलसर, मळलेले, जुने आवरण येथे पकडले जाते. पण कोरड्या हवेतील भेग शेजारच्या धातूला टेकलेली नसेल, तर ती मेगरलाही चकवते. शिवाय तपासणीपूर्वी नाजूक उपकरणे सोडवून ठेवावी लागतात, आणि सोडवलेला कनेक्टर पुन्हा जोडताना नवा दोष शिरण्याचा धोका असतोच.

चौथी पद्धत प्रतिध्वनीची. चिखलदऱ्याच्या पंचबोल पॉइंटवर उभे राहून ज्यांनी हाक दिली आहे, त्यांना ती समजावून सांगण्याची गरज नाही. हाक समोरच्या डोंगरावर आपटून परत येते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. हाक दोन सेकंदांनी परतली, तर डोंगर ३४० मीटर दूर, कारण दोन सेकंदांत जाणे आणि येणे दोन्ही झाले. तारेच्या एका टोकातून असाच विजेचा अतिसूक्ष्म स्पंद सोडतात. तार एकसारखी असेल तर तो सरळ पुढे जातो. जेथे तार तुटली किंवा दुसरीला चिकटली असेल, तेथून त्याचा काही भाग परत फिरतो. तारेत स्पंद एका नॅनोसेकंदात साधारण २० सेंटिमीटर जातो. तो ९० नॅनोसेकंदांनी परतला, तर एकूण प्रवास १८ मीटरचा झाला, म्हणजे दोष ९ मीटरवर आहे. सारा जुडगा न उघडता नेमक्या त्याच ठिकाणचा पत्रा उघडता येतो. परतलेला स्पंद उलटा आला की सुलटा, यावरून तार चिकटली आहे की तुटली आहे, हेही कळते.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. पूर्ण तुटलेली तार मोठा प्रतिध्वनी देते. नुकतेच घासू लागलेले आवरण इतका क्षीण प्रतिध्वनी देते की तो क्लिपा आणि वळणांच्या प्रतिध्वनींत हरवतो. म्हणजे ज्या अवस्थेत दोष कळला तर सर्वाधिक उपयोग, त्याच अवस्थेत तो ऐकू येत नाही.

सापडत नाही असा दोष

देखभाल करणाऱ्यांना सर्वाधिक छळणारा प्रकार म्हणजे हवेत प्रकटणारा आणि जमिनीवर लपणारा दोष. वैमानिक नोंद करतो की अमुक दिवा मध्येच लागला. विमान उतरल्यावर अभियंता तपासतो, तर सारे व्यवस्थित. थरथर थांबलेली असते, तापमान बदललेले असते, तुटलेली दोन टोके पुन्हा एकमेकांस टेकलेली असतात. शंका उपकरणावर जाते, महागडी पेटी बदलली जाते, काढलेली पेटी कार्यशाळेत निर्दोष ठरते आणि चार उड्डाणांनंतर तीच नोंद पुन्हा होते. दोष पेटीत नसतो, तिच्याकडे जाणाऱ्या तारेत असतो.

यावर उपाय म्हणून अमेरिकेतील युटा विद्यापीठात सिंथिया फर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिध्वनीची पद्धत पुढे नेली. एकच मोठा स्पंद सोडण्याऐवजी कुजबुजीसारखा क्षीण पण ठरावीक क्रमाचा संकेत तारेत सोडायचा, आणि परतलेल्या गोंगाटातून तोच क्रम ओळखून काढायचा. संकेत इतका क्षीण असतो की तारेत चालू असलेल्या कामात त्याचा अडथळा होत नाही. त्यामुळे वीज वाहत असताना, प्रसंगी उड्डाणातही, तारेवर पहारा ठेवता येतो आणि क्षणभर प्रकटलेला दोष त्याच क्षणी जागेसह टिपता येतो. ठिणगीचा विशिष्ट नमुना ओळखून वीज तोडणारे ब्रेकरही आता उपलब्ध आहेत.

साधने सुधारली, तरी नोंदवहीचे महत्त्व कमी झालेले नाही. एकाच जागी तीनदा आलेली किरकोळ तक्रार कोणीतरी सलग वाचली, तरच तिचा अर्थ लागतो. म्हणून विमान देखभालीत जे पाहिले ते लिहायचे, जे केले ते लिहायचे आणि खाली सही करायची, हा नियम आहे. परवानाधारक अभियंत्याच्या सहीवाचून दुरुस्तीनंतर विमान उडत नाही.

ओझर आणि नागपूर

हे काम परदेशातच चालते असे नाही. नाशिकजवळील ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ पासून मिग विमानांसाठी उभा राहिला. ज्या मिग-२१ विमानांना २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे निरोप दिला गेला, ती जात भारतीय वायुदलात ६० वर्षांहून अधिक काळ होती. एवढ्या दीर्घ सेवेत विमाने पुन्हा पुन्हा उघडून, तपासून, नव्या उपकरणांसह जोडावी लागतात. आज ओझरला सुखोई-३० विमानांचे काम चालते. त्यांचा वैमानिकापासून पंखापर्यंतचा हुकूम तारांतूनच जातो, आणि त्या ताफ्यातील आरंभीची विमाने आता दोन दशकांहून अधिक जुनी झाली आहेत. वायुदलाच्या देखभाल विभागाचे मुख्यालय नागपुरात आहे. तेथेच मिहान प्रकल्पात प्रवासी विमानांच्या देखभालीचे मोठे केंद्र २०१५ पासून कार्यरत आहे.

आमच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ही अंतरे फार नाहीत. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित असलेला विद्यार्थी विमान देखभाल अभियंत्याच्या शिक्षणास पात्र ठरतो. त्यातील बी-२ हा परवाना विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणांसाठी असतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वीजतंत्री झालेल्यांना ओझरच्या कारखान्यात शिकाऊ उमेदवारीची संधी असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते, आणि विजेचे धोरण त्यांच्याच खात्याकडे होते. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच कार्यकाळात स्थापन झाले. तंत्रशिक्षणाकडे त्यांचे लक्ष होते, कारण यंत्र समजणाऱ्या हाताला कोणी सहज दूर लोटू शकत नाही. ज्यांच्या आजोबांना कागदावर अंगठा उठवावा लागला, त्यांच्या नातवंडांच्या सहीवर विमान उड्डाणास योग्य ठरावे, ही आमची आकांक्षा आहे.

वसतिगृह, घर आणि कूलर

आता दृष्टी आपल्या भिंतींकडे वळवू. ९ जानेवारी २०२१ रोजी पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात लागलेल्या आगीत १० बालके दगावली, आणि त्या आगीचे कारण म्हणून विद्युत बिघाडाकडेच बोट दाखवले गेले. निजलेल्या मुलांच्या इमारतीत तारेचा दोष किती महाग पडतो, हे विदर्भाने पाहिले आहे. आपले वसतिगृह हीदेखील निजलेल्या मुलांचीच इमारत आहे.

विमानातील तारेला जे जे म्हातारपण येते, ते सर्व येथेही येते. वऱ्हाडात उन्हाळ्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, मेळघाटच्या पायथ्याशी पावसाळ्यात भिंती ओलावतात, उंदीर आवरण कुरतडतात. पंख्यासाठी टाकलेल्या जुन्या तारेवर पुढे कूलर, मोटार आणि पाणी तापवण्याचे साधन चढते. फ्यूज वारंवार उडतो म्हणून जाड तार गुंडाळली जाते आणि राखणदारच झोपी जातो.

कूलरचा धोका वेगळा समजून घ्यावा. पत्र्याची पेटी, आत पाणी आणि खाली ओली जमीन. मोटारीची तार पेटीला टेकली आणि अर्थिंग नीट नसले, तर पेटीच्या अंगात वीज येते. माणसाचा जीव घेण्यास अँपिअरच्या दहाव्या भागाएवढाही प्रवाह पुरे होतो. साधा एमसीबी अनेक अँपिअर झाल्याखेरीज पडत नाही, म्हणून तो माणसाला वाचवीत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअर गळतीवर वीज तोडणारा आरसीसीबी लागतो. त्याच्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून तो पडतो की नाही, हे पाहावे. कूलरमध्ये पाणी भरण्यापूर्वी प्लग काढावा, हा नियम घरातील लहानांनाही माहीत असावा.

डोळा, नाक आणि हात ही साधने येथेही पहिली आहेत. बोर्ड काळवंडणे, प्लग कोमट लागणे, जळका वास येणे, दिवा फडफडणे, बटणातून चुरचुर आवाज येणे, ही लक्षणे किरकोळ समजू नयेत. एकदा दिसून नाहीशी झालेली तक्रार बरी झाली असे मानू नये, विमानातील लपणाऱ्या दोषाचा धडा येथे आठवावा. बोर्ड स्वतः न उघडता जाणत्या वायरमनला दाखवावा. मेगरने तपासल्यावर घरगुती जोडणीत किमान १ मेगाओहम रोध मिळावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आकडा दरवर्षी लिहून ठेवला, तर तो घसरत आहे की स्थिर आहे हे कळते, आणि घसरणारा आकडा आगीच्या पुष्कळ आधी इशारा देतो.

सर्व संस्कार अनित्य आहेत, म्हणून अप्रमादी राहा, हा तथागतांच्या अखेरच्या उपदेशाचा आशय आम्ही वंदनेच्या वेळी स्मरतो. काल चालले म्हणून आज चालेल, हा विश्वास तारेच्या बाबतीत प्रमादच ठरतो.

यास अनुसरून आम्ही एक विनंती करतो. आमचे माजी विद्यार्थी जेथे कोठे वायरमन, वीजतंत्री, तंत्रज्ञ किंवा अभियंता म्हणून काम करीत असतील, त्यांनी दरवर्षी मार्च महिन्यात, कूलर सुरू होण्यापूर्वी, एक दिवस विद्यालयास द्यावा. प्रत्येक खोलीतील बोर्ड, अर्थिंग आणि आरसीसीबी तपासावा, मेगरचे आकडे घ्यावे आणि आठवी-नववीच्या मुलांना सोबत घेऊन ते समजावून सांगावे. त्यासाठी एक नोंदवही कार्यालयात ठेवण्यात येईल. तीत तारीख, खोली, आकडा, आढळलेला दोष, केलेली दुरुस्ती आणि तपासणाऱ्याची सही असे रकाने असतील. पालकांनीही वसतिगृहास भेट देताना ती वही मागून पाहावी, आणि ज्या वर्षाचे पान कोरे दिसेल त्या वर्षाविषयी आम्हांस जाब विचारावा.